सातवी जीभ

सकाळचे दहा वाजले की त्या स्वयंपाकघरात शिंकायची चोरी होती. स्वयंपाकघर म्हणजे घरगुती कढई-झाऱ्याचं प्रकरण नव्हे. आत माणूस उभा राहील एवढी पोलादी पातेली, त्यांत गरागरा फिरणारी पाती, आणि रबरी बूट, जाळीच्या टोप्या घातलेली चाळीस माणसं. या सगळ्या पसाऱ्याच्या मधोमध, उंच स्टुलावर, लाकडी चमचा धरून एक बाई बसलेली असायची. ती "बास" म्हणाली की पातेल्याखालची आग बंद व्हायची. ती म्हणेपर्यंत मालकानेसुद्धा तोंड उघडायचं नाही.

तिला सगळे वहिनी म्हणत. खरं तर ती एकट्या मालकाची वहिनी, त्याच्या थोरल्या भावाची बायको. पण मालकच वहिनी म्हणतो म्हटल्यावर मॅनेजर म्हणू लागला, मग ड्रायव्हर, मग गेटवरचा वॉचमन, आणि तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा असलेला इलेक्ट्रिशियनही. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, पण वहिनीपण काही सुटलं नाही. आणि नुसतं वहिनीपणच कशाला, त्या बाईचं काहीच सुटलं नव्हतं.

मालकाच्या, म्हणजे वहिनीच्या भाषेत भाऊजींच्या, एकशे चाळीस दुकानांत मिळायचं काय? सगळीकडे मिळतं तेच. बर्गर, फ्राइज, थंड पेयं. पण बर्गरमध्ये जो तपकिरी कांद्याचा सॉस असायचा, तो मात्र दुसरीकडे कुठे नव्हता. आधी गोड, मग आंबट, आणि घास गिळल्यावर जिभेच्या मुळाशी जळका, कडवट असा एक चटका. त्या चटक्यावर सगळा डोलारा उभा होता. कांदा रोज वेगळा येतो, कधी पाणीदार, कधी सुकलेला, त्यामुळे तो किती जाळायचा हे घड्याळ सांगू शकत नाही. एकदा लाखमोलाचं मशीन आणलं. त्याने रंग सांगितला, दाटपणा सांगितला, आणि जळकेपणापाशी येऊन हात टेकले. मशीन गेलं गोदामात, वहिनी राहिली स्टुलावर.

भाऊजी माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकते. वाईट असता तर वहिनीला सोपं गेलं असतं. बावीस वर्षांत आजूबाजूला किती दुकानं वाजतगाजत उघडली आणि गुपचूप बंद झाली. लोक भाऊजीला विचारायला यायचे, की बाबा, तुझ्यात असं काय आहे? तो हसून म्हणायचा, "लोक चांगलं खायला येत नाहीत हो, तेच खायला येतात. आम्ही बिघडवत नाही आणि सुधारतही नाही. बिघडवायचं नाही हे सगळ्यांना जमतं. सुधारायचं नाही, हे फार थोड्यांना जमतं."

आणि तो बोलायचा तसं वागायचा. एकशे चाळीस दुकानांत मिठाचा डबा डाव्या हाताला, कोपरापासून वीतभर अंतरावर. तेल रोज दुपारी चारला बदलायचं, मग ते कितीही स्वच्छ दिसो. एका दुकानातल्या माणसाला डोळे बांधून दुसऱ्या दुकानात उभा केला असता तरी त्याने बर्गर बांधून दिला असता. एकदा अकरा वर्षांनी परतलेला एक माणूस पहिल्या घासालाच रडला. "तोच आहे हो, तोच!" म्हणत भाऊजीच्या गळ्यात पडला. भाऊजीने त्याला उचलून वहिनीपुढे आणून उभा केला. "वहिनी, हे तुमच्यामुळे!" वहिनीला त्या दिवशी बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोला, खूप बरं वाटलं होतं. पण त्या बऱ्या वाटण्यावर माणूस किती वर्षं काढणार?

कारण जीभ सांभाळायची म्हणजे काय, ते ऐका. तिखट बंद. चहा कोमट. आंबट फक्त रविवारी, तेही दुपारनंतर. थंडी वाजली की घरी डॉक्टर हजर, आणि साधी सर्दी झाली की भाऊजीची पाचावर धारण. नाक चोंदलं म्हणजे एकशे चाळीस दुकानं चोंदली. बरं, रोजचा सॉस रोज करायचा, कोठारात साठा जेमतेम दोन दिवसांचा. म्हणजे वहिनीला गाव सोडायची मुभाही दोन दिवसांचीच. तिची धाकटी बहीण राहायची दीड दिवसाच्या बसच्या वाटेवर. जाऊन यायलाच तीन दिवस! बहिणीच्या मुलीचं लग्न वहिनीने फोनवर ऐकलं. बहिणीने फोन सगळ्यांपुढे फिरवला, आणि वहिनी इकडे "हो, हो, सुखी राहा" म्हणत होती आणि घड्याळ बघत होती, कारण दहा वाजत आले होते.

आता यातली खरी गोम सांगते, जी भाऊजी पाहुण्यांना कधीच सांगत नसे. तो सॉस मुळात वहिनीच्या आईचा. आईच्या सॉसमध्ये जळकं काही नव्हतं. मंद आचेवर तासभर परतलेला सोनेरी कांदा, अगदी मधासारखा. दुकान सुरू झालं तेव्हा ते एकच होतं, आणि त्याच्या दुसऱ्या आठवड्यात वहिनी तव्यापाशी उभी असताना भिंतीवरचा फोन वाजला. धाकटी बोलत होती. "ताई, आई गेली." वहिनी रिसीव्हर कानाला धरून उभीच राहिली. पाठीमागे कांदा जळला. बाहेर रांग लागलेली. भाऊजीने घाईघाईत त्यात व्हिनेगर ओतलं, साखर घातली आणि तसाच बर्गरमध्ये भरून दिला. लोकांनी बोटं चाटली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी एकच, कालचाच द्या.

वहिनी आईच्या घरी पोचली, आणि तिसऱ्या दिवशी भाऊजी दारात. "वहिनी, रागवू नका, पण आम्हाला कुणाला तो जमत नाहीये. लोक परत चाललेत." नवऱ्यानेही चिठ्ठी दिली होती, ये म्हणून. धाकटी दारात उभी राहून रडली. वहिनी परत गेली, आणि तो चटका पुन्हा बरोबर जमला, कारण तो तिला विसरणं शक्यच नव्हतं. त्या दिवसापासून रोज सकाळी, सव्वाअकराच्या सुमारास, तिची आई तिच्या जिभेवर मरत होती. हे ती कुणाला बोलली नाही. बोलून कुणाला कळणार होतं? एकशे चाळीस दुकानांत लोक ते चवीने खात होते.

आईचा सोनेरी सॉस तिने त्यानंतर एकदाही केला नाही. भाऊजीने हात जोडून सांगितलं होतं, "जिभेला दुसरं वळण लावू नका." आणि तिनेही हट्ट धरला होता, की करीन तर आईच्याच स्वयंपाकघरात, धाकटीच्या शेजारी उभी राहून. धाकटी त्याच घरात राहायची आणि दर फोनला तेच म्हणायची, "आईचं पातेलं घासून ठेवलंय गं. तू कधी येतेस?"

येणार कधी, तर दुसरी जीभ तयार झाली की. भाऊजीचा शब्द होता, की ज्या दिवशी वहिनी एखाद्या मुलीला "बरोबर आहे" म्हणतील, त्या दिवशी संध्याकाळी वहिनी मोकळ्या. मुली आल्या. पगार चांगला, राहायला खोली. करारात एकच कलम जरा जाचक होतं. नापास झालात तर त्याच दिवशी घरी जा, पण पास झालात तर दहा वर्षं कुठे जायचं नाही. पहिली सहा महिन्यांत नापास झाली. दुसरी, तिसरी, चौथी... वहिनीने एकीलाही सूट दिली नाही. तिच्या तोंडून कधी खोटं निघत नाही, अशी तिची ख्यातीच होती. नवऱ्याच्या शेवटच्या दिवसांत त्याने "मी बरा होईन ना?" विचारलं, तर म्हणाली, "नाही हो." असली बाई! सहाही मुली नापास झाल्या आणि सहाही जणी हसत हसत बॅग घेऊन गेल्या. वहिनीला वाटायचं, मुली तरी किती बेफिकीर!

मग आली सातवी. नाव होतं तिला, पण सगळे सातवीच म्हणत, आणि ती ओ द्यायची. बोलायला फटकळ, हसायला मोकळी. पहिल्याच दिवशी म्हणाली, "वहिनी, मला मिरची लागते हो. मिरची नसेल तर मला जेवल्यासारखं वाटत नाही."

"मग विसर," वहिनी म्हणाली.

"तुम्ही विसरलात?"

"मला आठवतही नाही काय विसरले ते."

सातवी हसली, पण डब्यातली मिरची तिने खरंच बाजूला काढून ठेवली. तिच्या दादाची दूर कुठेतरी छोटी खानावळ होती. ती सांगायची, "आमचा दादा रोज वेगळं करतो. फळ्यावर लिहितो, आज काय ते. गिऱ्हाईक विचारतं, कालचं नाही का? दादा म्हणतो, काल संपला." हे सांगताना तिचा चेहरा असा काही उजळायचा, की वहिनी मुद्दाम दुसरीकडे बघायची. नोकरी तिने घेतली ती खानावळीचं छप्पर दुरुस्त व्हावं म्हणून. दोन वर्षांत छप्पर झालं होतं. दादा आता तिला परत बोलवत होता.

पण नाक! काय नाक होतं त्या पोरीचं! वहिनी "बास" म्हणायच्या आधी अर्धा क्षण सातवीचं बोट वर जायचं. शेवटच्या तीन महिन्यांत ती एकदाही चुकली नाही. वहिनीने भाऊजीला सांगितलं, घ्या परीक्षा. घरी जाऊन बॅग भरली. धाकटीला फोन केला, "पातेलं काढ." धाकटी एवढ्याने ओरडली, की वहिनीने फोन कानापासून लांब धरला.

परीक्षेच्या दिवशी भाऊजी कोट घालून आला. दोन मॅनेजर वह्या घेऊन उभे. पुढच्या वर्षी आणखी चाळीस दुकानं उघडायची होती, म्हणून सगळ्यांचा जीव टांगणीला. स्टुलावर आज सातवी बसली, वहिनी शेजारी उभी. पातेल्यात कांदा आधी पांढरा, मग पिवळा, मग तपकिरी झाला. मग कडेने काळी रेघ धरू लागला. वास चढला. वहिनीच्या घशाशी तो ओळखीचा गोळा आला, मनात रोज तो भिंतीवरचा फोन वाजायच्या आधी यायचा तोच. अजून नाही, अजून नाही...

"बास!" सातवी म्हणाली.

आग बंद झाली. वहिनीने पातेल्यात डोकावलं. कमी! सहा सेकंद कमी! सात नाही, पाच नाही, सहा. हिला झालं काय? घाबरली असेल. एवढी माणसं, तो कोट, त्या वह्या. वहिनीने चमचा बुडवला, फुंकला, जिभेवर घेतला. गोड आलं, आंबट आलं, आणि शेवटी चटका यायच्या जागी नुसती ऊब आली. फोन वाजलाच नाही.

सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. सातवीही बघत होती, टक लावून. वहिनीला तिची कीव आली. मग स्वतःची आली, आणि ती जास्त होती. नापास म्हणायचं म्हणजे आठवी येणार. मग आणखी दोन वर्षं. धाकटीचे गुडघे दुखायला लागलेत, आपलेही. बॅग खोलीत दारामागे भरून ठेवलेली. आणि सहा सेकंद ते काय! दोन दिवसांत पोरगी आपोआप जमवेल, तिला येतंय की सगळं. आयुष्यात एकदा, एकदाच, खोटं बोललं तर कुणाचं घर बुडणार आहे?

"बरोबर आहे," वहिनी म्हणाली.

भाऊजीने टाळ्या वाजवल्या. मग चाळीस माणसांनी वाजवल्या. भाऊजीच्या डोळ्यांत पाणी आलं. तो वाकून वहिनीच्या पाया पडला आणि म्हणाला, "सुटलात हो वहिनी." सातवी स्टुलावरून उतरली नाही. तिचा चेहरा उतरलेला होता, तोंडात मारल्यासारखा. वहिनीला वाटलं, आनंदाने अशी झाली असेल. तिने पोरीच्या पाठीवरून हात फिरवला, पाठ दगडासारखी ताठ होती. पण बस संध्याकाळची होती, आणि वहिनीचं मन कधीच बसमध्ये जाऊन बसलं होतं.

दीड दिवस ती खिडकीशी बसून होती. थांब्यावर कडक चहा प्यायली, जीभ पोळली, आणि स्वतःशीच हसली. पोळू दे मेली!

धाकटी फाटकाशीच उभी होती. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, रडल्या, मग एकमेकींचे पांढरे केस मोजून हसल्या. घरात पाय टाकला तर वास दरवळलेला. चुलीवर आईचं पातेलं, कानाशी पोचा पडलेलं, आणि त्यात सोनेरी कांदा.

"तुझी वाट बघत पहाटेपासून मंद आचेवर ठेवलाय," धाकटी म्हणाली. "आधी हात धू. नाही तर राहू दे, आधी खा."

तिने पावाचा तुकडा मोडला, सॉसमध्ये बुडवला आणि लहानपणी आई भरवायची तसा ताईच्या तोंडात घातला. वहिनीने डोळे मिटले. बावीस वर्षं! गोड आलं. आणखी गोड आलं. ती थांबली. अजून थोडी थांबली. मग तिच्या तोंडून, रोज सकाळी निघायचं तसं, आपोआप निघालं, "कमी आहे."

"काय कमी आहे?"

"शेवट."

"कसला शेवट? ताई, कणभरही फरक नाहीये. मी दर आठवड्याला करते. आईने हात धरून शिकवलाय मला. तुला मिळावा म्हणून एकदाही चुकवला नाही मी!" धाकटीचा आवाज चिरकला.

"दे अजून," वहिनी म्हणाली. दुसरा तुकडा, तिसरा, मग नुसता चमच्याने. ती शोधत होती हो, जिभेचा कोपरा न् कोपरा धुंडाळत होती. आई कुठेच नव्हती. नुसता गोड कांदा होता, छान शिजलेला, कुणीही केलेला. आईला भेटायची एकच वाट त्या जिभेला आता ठाऊक होती. वहिनीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. धाकटीला वाटलं, आईची आठवण आली. तिने जवळ घेतलं, आणि वहिनीने तिला तसं वाटू दिलं. दोन दिवसांतलं हे दुसरं खोटं.

तेवढ्यात फोन वाजला. सातवी होती.

"वहिनी, पोचलात?"

"पोचले गं. तिकडे सगळं ठीक?"

"परवा संध्याकाळपर्यंत अकरा दुकानांतून फोन आले. गिऱ्हाइकं विचारत होती, सॉस बदललात का. भाऊजी म्हणाले, पहिलाच दिवस आहे, होईल." ती पुढे म्हणाली, "काल मी सहा सेकंद जास्त ठेवला. काल फोन नाही आला कुणाचा."

 वहिनी ओट्याला टेकली. "म्हणजे परवा... तुला माहीत होतं?"

"मी मुद्दाम कमी ठेवला होता, वहिनी. तुम्ही नापास कराल म्हणून. एवढ्या जणींना केलंत. तुम्ही कधी खोटं बोलत नाही, एवढ्या एका भरवशावर बसले होते मी. दादाला सांगूनही टाकलं होतं, दोन दिवसांत येते म्हणून." तिचा आवाज रागाचा नव्हता, आणि तेच जास्त लागत होतं. "बॅग भरून ठेवली होती, दारामागे."

 दहा वर्षं. त्या पोरीच्या तोंडची मिरची, दादाचा फळा, रोज वेगळं. आपण सहा सेकंदांत सगळं घेऊन टाकलं. "मी भाऊजींना फोन करते," ती कशीबशी म्हणाली. "सांगते, मी खोटं बोलले."

"दहा वर्षं बसायचंच म्हटल्यावर काल बरोबर केला हो. आता कोण ऐकणार? मला जमायला नको होतं, पण जमतं, हे कळलंय त्यांना." मग अगदी हळू तिने विचारलं, "वहिनी, तो वास आला की तुमच्या घशाशी काही येतं का हो? काल पहिल्यांदा माझ्या आलं."

"येतं," वहिनी म्हणाली. हे खरं होतं.

तिने फोन ठेवला. मग तिने आईचं पातेलं पुढे ओढलं आणि खालची आग मोठी केली. सोनेरी कांदा चरचरला. तपकिरी झाला. कडेने काळी रेघ धरू लागला. धाकटी खोकत आत आली. "अगं ताई, जळतोय! आईचं पातेलं जळतंय! बास कर ना!"

"अजून नाही," वहिनी म्हणाली, आणि चमचा धरून उभी राहिली.